नवरा पॉझिटिव्ह, मी अजून निगेटिव्ह, माझ्यात एचआयव्ही न होणारा जीन असेल का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लग्नाला सात वर्षं झाल्यावर मिस्टरांची एचआयव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली, तोपर्यंत दोघांनाही काही कल्पना नव्हती, कंडोम कधी वापरला नाही, तरी तुमची टेस्ट निगेटिव्ह, तीन महिन्यांनी परत केली तरी निगेटिव्ह. आता ते गोळ्या घेतायत. तुम्ही कुठेतरी वाचलंत की काही लोकांना जन्मजातच एचआयव्ही होत नाही, त्यांच्यात तसा जीन असतो, तर तो तुमच्यात असेल का, त्याची टेस्ट करावी का, आणि असला तर मूल होऊ देताना काळजी करायचं कारण नाही ना.

मी एचआयव्हीचेच पेशंट बघतो, रोजचं काम हेच आहे, आणि जोडप्यातल्या निगेटिव्ह माणसाकडून हा प्रश्न हमखास येतो. आधी सरळ सांगतो. असे जीन खरंच आहेत, ती अफवा नाही. पण तुम्ही निगेटिव्ह राहिलात त्याचं कारण तो जीन असण्याची शक्यता फार फार कमी आहे, आणि त्याच्या भरवशावर तुम्ही एकही निर्णय घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. का ते नीट सांगतो, जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा.

बहुतेकांचा समज असा असतो की पॉझिटिव्ह माणसाशी एकदा संबंध आला की लागण झालीच, आणि मग वर्षानुवर्षं कुणी निगेटिव्ह राहिलं की तो चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात एचआयव्ही हा एका संबंधातून पसरायला तसा अवघड व्हायरस आहे. औषधं नाहीत, कंडोम नाही असं धरलं तरी पुरुषाकडून बाईला योनीमार्गे होणाऱ्या संबंधात लागण होण्याचा सरासरी अंदाज दर १०,००० वेळांमागे ८ इतका आहे. गुदमार्गे संबंधात ज्याच्या शरीरात वीर्य जातं त्याच्यासाठी हाच आकडा १३८ आहे, इंजेक्शनची सुई शेअर केली तर ६३, आणि दूषित रक्त चढवलं तर ९,००० च्या वर, म्हणजे जवळपास नक्कीच. आता तुमचं गणित करून बघा. वर्षाला १०० वेळा संबंध आला असं धरलं तर सात वर्षांत ७०० वेळा, आणि दर वेळी १०,००० मध्ये ८ हा धोका धरला तर ७०० वेळांनंतरही निगेटिव्ह राहण्याची शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे अशा १०० बायका घेतल्या तर कुठलाही खास जीन नसताना निम्म्याहून जास्त जणी निगेटिव्ह राहतील. आणि हे तर मिस्टरांना लग्नाच्या पहिल्या दिवसापासून एचआयव्ही होता असं धरून झालं. त्यांना लागण नेमकी कधी झाली हे तुम्हालाही माहीत नाही, त्यांनाही नाही. ती लग्नानंतर चार-पाच वर्षांनी झाली असेल तर तुमचा संपर्काचा काळच दोन-तीन वर्षांचा उरतो.

हा आकडा सरासरी आहे, सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा, नाहीतर कुणीतरी हे वाचून '१०,००० मध्ये ८ म्हणजे काहीच नाही' असा अर्थ काढेल. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात व्हायरस प्रचंड असतो आणि तेव्हा धोका कितीतरी पटीने वाढतो. दोघांपैकी कुणालाही गुप्तरोग असेल, जखम असेल, हर्पिस असेल तरी वाढतो. आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो व्हायरल लोडने, म्हणजे एक मिलिलिटर रक्तात व्हायरसच्या किती कॉपी आहेत त्या आकड्याने. युगांडातल्या राकाईमध्ये एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा ४१५ जोडप्यांचा अभ्यास झाला होता, २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड १,५०० च्या खाली होता त्या जोडप्यांत एकालाही लागण झाली नाही, आणि लोड जसा वाढत गेला तशी लागण वाढत गेली. म्हणून तुमची निगेटिव्ह टेस्ट मला तुमच्या जीनबद्दल फार काही सांगत नाही, ती जास्त सांगते मिस्टरांच्या व्हायरल लोडबद्दल, काळाबद्दल आणि नशिबाबद्दल.

आता जीनकडे येऊ, कारण ती गोष्ट खरोखर विलक्षण आहे.

एचआयव्ही आपल्या शरीरातल्या सीडी४ पेशींमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये शिरतो हे तुम्ही ऐकलं असेल. पण त्या पेशीवरचं सीडी४ नावाचं प्रोटीन नुसतं धरून त्याला आत जाता येत नाही. व्हायरसच्या अंगावर एक प्रोटीन असतं, ते आधी सीडी४ ला चिकटतं, चिकटल्यावर त्याचा आकार बदलतो, आणि मग ते पेशीवरचं दुसरं एक प्रोटीन पकडतं, त्याचं नाव सीसीआर५. हे दुसरं मिळालं तरच व्हायरसचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळतं आणि आतला माल पेशीत उतरतो. हे सीसीआर५ प्रोटीन बनवणारा जीन तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. काही लोकांमध्ये त्या जीनमधली ३२ अक्षरं गळालेली असतात, म्हणून त्याला डेल्टा ३२ म्हणतात. जीनचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, ३२ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं आणि मध्येच थांबण्याची खूण येते. ३५२ अमिनो आम्लांचं प्रोटीन व्हायचं ते २१५ वरच तुटतं, आणि हे तुटकं प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही, आतच राहतं. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही कॉपी डेल्टा ३२ आल्या तर त्या माणसाच्या पेशींवर सीसीआर५ नसतंच, आणि व्हायरसला पकडायला जागाच राहत नाही.

हे १९९६ मध्ये समोर आलं, आणि त्यामागे स्टीव्ह क्रोन यांच्यासारखी माणसं होती. ते न्यूयॉर्कचे, १९८० च्या दशकात त्यांचा जोडीदार आणि कितीतरी मित्र एड्सने गेले, ते स्वतः मात्र निगेटिव्ह राहिले, आणि मीच का वाचलो हे शोधा म्हणत ते आपलं रक्त संशोधकांकडे घेऊन गेले. लॅबमध्ये त्यांच्या पेशींवर व्हायरस सोडला, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट सोडला, तरी पेशींना लागण होईना. त्यांच्यात डेल्टा ३२ च्या दोन कॉपी निघाल्या. त्यांनी रक्त दिलं म्हणून पुढे एक औषधही आलं, २००७ मध्ये, मॅराविरॉक, ते सीसीआर५ ला चिकटून बसतं आणि व्हायरसला पकडू देत नाही. मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

पण पुढचं वाचा. दोन कॉपी असलेले लोक उत्तर युरोपीय वंशात साधारण १ टक्का, आणि एक कॉपी असलेले १० टक्क्यांच्या आसपास. आफ्रिका, पूर्व आशिया आणि आपल्या दक्षिण आशियात हा बदल जवळपास सापडतच नाही. एकच कॉपी असेल तर लागण टळत नाही, लागण झाल्यावर आजार थोडा सावकाश वाढतो इतकंच, साधारण दोनेक वर्षांचा फरक. आणि दोन कॉपी असल्या तरी कवच शंभर टक्के नाही. एचआयव्हीचे काही प्रकार सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ नावाचं दुसरं प्रोटीन वापरतात, आणि दोन कॉपी असलेल्या काही लोकांना अशा व्हायरसची लागण झाल्याची नोंद आहे. मॅराविरॉक सुरू करण्याआधी पेशंटचा व्हायरस कुठलं प्रोटीन वापरतो ही तपासणी करावी लागते ती याचमुळे.

अजून एक. सीसीआर५ हे काही व्हायरसच्या सोयीसाठी बनलेलं नाही, शरीराला त्याचा उपयोग आहे. ते नसलेल्या लोकांना वेस्ट नाईल व्हायरस झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. म्हणून २०१८ मध्ये चीनमध्ये 'हे च्यानक्वे' नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणावस्थेतच सीसीआर५ मध्ये फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या तेव्हा जगभरचे डॉक्टर संतापले. वडील पॉझिटिव्ह, आई निगेटिव्ह, अगदी तुमच्यासारखंच जोडपं, आणि अशा जोडप्याला एचआयव्हीमुक्त मूल होण्यासाठी साधे सुरक्षित मार्ग असताना मुलांच्या जीनमध्ये ढवळाढवळ केली गेली, तीही नेमकी डेल्टा ३२ सारखी नव्हती. त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणाची मला आजही चीड येते, कारण ते आईवडील घाबरलेले होते आणि त्यांना योग्य सल्ल्याची गरज होती.

बरं, मग 'जीनमुळे एचआयव्ही बरा झाला' अशा बातम्या येतात त्याचं काय? ते हेच डेल्टा ३२. टिमथी रे ब्राऊन यांना एचआयव्ही होता आणि त्यात ब्लड कॅन्सर झाला, बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ मध्ये त्यांचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट केलं, डॉक्टर गेरो ह्युटर यांनी मुद्दाम असा डोनर शोधला ज्याच्याकडे डेल्टा ३२ च्या दोन्ही कॉपी होत्या. त्यांचा एचआयव्ही परत आला नाही, कॅन्सर मात्र परतला आणि २०२० मध्ये ते गेले. नंतर लंडनचे अ‍ॅडम कॅस्टिलेहो आणि आणखी मोजके पेशंट याच वाटेने बरे झाले. पण हे सगळं कॅन्सरचं ट्रान्सप्लांट करावंच लागत होतं म्हणून झालं, त्या उपचारात जिवाला मोठा धोका असतो, रोज एक गोळी घेऊन ठणठणीत राहणाऱ्या माणसावर हे कुणी करणार नाही. मिस्टरांसाठी हा पर्याय आहे का असं तुमच्या मनात आलं असेल तर, नाही.

दुसरा जीनचा गट आहे एचएलए, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण लोक हे लागण न होण्याशी जोडतात. एचएलए मुख्यतः लागण झाल्यानंतर काम करतं. पेशीत व्हायरस शिरला की त्याच्या प्रोटीनचे छोटे तुकडे एचएलए पेशीच्या बाहेर आणून दाखवतं, ते बघून मारेकरी टी पेशी ओळखतात की ही पेशी बिघडली, आणि तिला संपवतात. कुणाचं एचएलए कुठला तुकडा दाखवेल हे माणसागणिक बदलतं. एचएलएचे बी५७ आणि बी२७ हे प्रकार असलेले लोक व्हायरसच्या कॅप्सिडचा, म्हणजे आतल्या कवचाचा, असा तुकडा दाखवतात जो व्हायरसला सहज बदलता येत नाही. तो बदलून टी पेशींना चुकवायला गेला तर व्हायरस स्वतःच कमजोर होतो. त्यामुळे यातल्या काही लोकांचा व्हायरल लोड औषधाशिवाय वर्षानुवर्षं अगदी कमी राहतो, त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात, पॉझिटिव्ह लोकांत ते १ टक्क्यापेक्षा कमी असतात. २०१० मध्ये अशा लोकांचे सगळे जीन धुंडाळणारा मोठा अभ्यास आला, त्यात जे ठळक फरक सापडले ते सगळे सहाव्या गुणसूत्रावरच्या याच एचएलएच्या भागात होते. उलट बी३५ चे काही प्रकार असलेल्यांचा आजार लवकर वाढतो.

म्हणजे बी५७ वाल्या माणसालाही एचआयव्ही होतो, तो फक्त जास्त काळ दबून राहतो. आणि तरीही अशा माणसांना औषधं द्यावीत की नाही यावर आता माझ्या मनात शंका नाही. २०१५ मध्ये स्टार्ट ट्रायलने दाखवलं की सीडी४ पेशींची संख्या चांगली असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजार किंवा मृत्यू यांचा एकत्रित धोका निम्म्याहून कमी होतो, त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच उपचार असंच सांगितलं. 'माझे सीडी४ आपोआप चांगले आहेत, माझे जीन चांगले आहेत, गोळ्या कशाला' म्हणत थांबलेले पेशंट मी बघितलेत, काही वर्षांनी आकडे घसरतातच बऱ्याच जणांचे.

बी५७ बद्दल एक कामाची गोष्ट, कारण मिस्टरांना लागू पडू शकते. याच जीनचा बी५७:०१ हा प्रकार असलेल्या माणसाला अबाकाविर हे औषध दिलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते. म्हणून अबाकाविर देण्याआधी ही जीन टेस्ट करायची असते आणि पॉझिटिव्ह आली तर ते औषध द्यायचंच नाही. एचआयव्हीच्या रोजच्या प्रॅक्टिसमध्ये पेशंटच्या जीनची टेस्ट खरोखर उपयोगी पडते ती इथे. त्यांच्या गोळीत अबाकाविर आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्या.

जोडप्यांबद्दल अजून एक निरीक्षण आहे, झांबियातल्या जोडप्यांच्या अभ्यासातलं. नवराबायकोचे एचएलए बी प्रकार एकसारखे असतील तर लागण जास्त वेगाने होते असं दिसलं. त्याचं एक स्पष्टीकरण असं की व्हायरस बाहेर पडताना आधीच्या माणसाच्या पेशीचं आवरण पांघरून येतो, ते परकं असेल तर नव्या शरीराची प्रतिकारशक्ती लगेच सावध होते. हा परिणाम असला तरी शक्यता थोडी इकडेतिकडे करणारा आहे, यावरून तुम्ही सुरक्षित की असुरक्षित हे ठरवता येत नाही. केआयआर, सीसीआर२, ट्रिम५ वगैरे आणखी बरीच नावं तुम्हाला वाचायला मिळतील, त्यांचा परिणाम लहान आहे आणि काहींबद्दलचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासांत टिकलेही नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

मग सीसीआर५ सोडून लागणच होऊ न देणारा दुसरा एखादा जोरदार जीन आहे का? हे शोधायला दोन गट फार महत्त्वाचे ठरले. एक हिमोफिलियाचे पेशंट, म्हणजे ज्यांचं रक्त जन्मजात नीट गोठत नाही असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मिळणारं फॅक्टर एट हे रक्त गोठवणारं औषध हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायचं, त्यातून एचआयव्ही थेट शिरेत गेला. तरीही निगेटिव्ह राहिलेल्यांचे सगळे जीन तपासले तेव्हा डेल्टा ३२ च्या दोन कॉपी काही जणांत सापडल्या, त्यापलीकडे तसा जोरदार दुसरा जीन मिळाला नाही. दुसरा गट नैरोबीच्या पुमवानी भागातल्या सेक्स वर्कर बायका, फ्रँक प्लमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून त्यांचा पाठपुरावा केला. सतत संपर्क येऊनही काही जणी वर्षानुवर्षं निगेटिव्ह राहिल्या, आणि त्यांच्यात डेल्टा ३२ नव्हता. सगळ्यांना वाटलं इथे काहीतरी मोठं सापडणार. त्यांच्या प्रतिकारशक्तीत वेगळेपण सापडलंही, पण त्यातल्या काही जणींनी मध्ये काम थांबवलं, नंतर परत सुरू केलं, आणि मग त्यांना लागण झाली. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इतकी वर्षं निगेटिव्ह राहणं ही पुढच्या वर्षाची हमी नाही हे यातून थेट दिसतं.

आता तुमची टेस्ट. डेल्टा ३२ ची टेस्ट तांत्रिकदृष्ट्या सोपी आहे, लाळ पाठवून होणाऱ्या काही जीन टेस्टमध्येही ती असते. मी तुम्हाला ती करायला सांगणार नाही. आली निगेटिव्ह, आणि बहुधा तीच येईल, तर उगाच धास्ती वाढेल. एक कॉपी निघाली तर लोक तिचा अर्थ चुकीचा काढतात आणि कंडोम, गोळ्या यात ढिलाई सुरू होते. दोन निघाल्या तरी मी देईन तो सल्ला तोच राहील. ज्या टेस्टने सल्ला बदलत नाही ती कशाला करायची? आणि लॅबमध्ये जाऊन नुसतं 'एचआयव्ही रेझिस्टन्स टेस्ट करा' असं सांगू नका, त्या नावाची टेस्ट पॉझिटिव्ह माणसाच्या रक्तातल्या व्हायरसवर औषधं चालतील का ते बघते, तिचा तुमच्या जीनशी संबंध नाही.

तुमचं खरं संरक्षण मिस्टरांच्या गोळीच्या डबीत आहे. व्हायरल लोड २०० च्या खाली असलेल्या ८८८ जोडप्यांचा पार्टनर नावाचा अभ्यास २०१६ मध्ये आला, स्त्री-पुरुष जोडपीही आणि पुरुष-पुरुष जोडपीही, ५८ हजारांच्या आसपास वेळा कंडोमशिवाय संबंध आला, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही केस नाही. शून्य. हे आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याही जीनपेक्षा भारी आहे, आणि यासाठी कुठल्या वंशात जन्म घ्यावा लागत नाही, गोळी रोज घ्यावी लागते.

तेव्हा असं करा. मिस्टरांचा शेवटचा व्हायरल लोड रिपोर्ट काढा आणि तारीख बघा. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे व्हायरस सापडला नाही, असं लिहिलंय की आकडा आहे ते बघा. गोळ्या सुरू होऊन निदान सहा महिने झालेत का, लोड दाबलेला आहे का, गोळ्या चुकतात का, हे तिघांनी, म्हणजे तुम्ही दोघं आणि डॉक्टर, एकत्र बसून बोला. तोपर्यंत कंडोम वापरा. लोड अजून वर असेल किंवा गोळ्या चुकत असतील तर तुमच्यासाठी प्रेप आहे, म्हणजे निगेटिव्ह माणसाने लागण टाळायला घ्यायची गोळी, ती डॉक्टरांकडून सुरू करून घ्या. लोड वर असताना कंडोम फाटला किंवा राहिला तर ७२ तासांच्या आत पेप, म्हणजे संपर्क आल्यानंतर लागण टाळायला घ्यायचं औषध, सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं, ते २८ दिवस असतं. आणि तुमची टेस्ट दर तीन ते सहा महिन्यांनी चालू ठेवा, मधे ताप, पुरळ, मानेत गाठी असं काही झालं तर वाट न बघता करा.

मुलाचं म्हणाल तर तुम्ही निगेटिव्ह असाल तर बाळाला एचआयव्ही होत नाही, तो वडिलांकडून थेट बाळाला जात नाही, आईला झाला तरच बाळापर्यंत पोचतो. म्हणून लोड दाबलेला असल्याची खात्री झाल्यावर तुम्ही नैसर्गिक पद्धतीनेच प्रयत्न करू शकता, त्यासाठी महागड्या ट्रीटमेंटची गरज नाही, मनाच्या समाधानासाठी त्या काळात प्रेप घ्यायचं असेल तर तेही चालतं. गरोदरपणात मात्र टेस्ट चुकवू नका, कारण त्याच काळात नव्याने लागण झाली तर आईच्या रक्तात व्हायरस खूप असतो आणि बाळाचा धोका वाढतो. मिस्टरांचा रिपोर्ट हातात आला की त्यातला आकडा आणि तारीख इथे लिहा, नाव-गाव काही नको, मी बघून सांगतो.